पालथ्या घड्यावर समुद्र

सर्फिंगच्या एकूण एक फोटोत माणूस उभा असतो. गुडघे किंचित वाकलेले, हात पसरलेले, चेहऱ्यावर नुकताच किल्ला सर केल्याचा भाव. ही फसवणूक इतकी पद्धतशीर आहे की ग्राहक मंचात तक्रार करता येईल. सर्फिंग हा मुळात पालथं पडून करायचा खेळ आहे. फळीवर पालथं पडायचं, पालथ्यानंच दोन्ही हातांनी पाणी मागं सारत लाटांच्या पलीकडं जायचं, तिथं बसून वाट बघायची, लाट आली की परत पालथं. उभं राहण्याचा प्रकार यात काही सेकंदांचा, तोही झाला तर. फोटोवाला नेमके तेवढेच सेकंद गाठतो आणि बाकीचा तास गिळून टाकतो.

हे आधी कळलं असतं तर मी आणखी लवकर गेले असते. पालथं पडून राहण्यात माझा हात धरणारं आमच्या खानदानात कुणी नाही. एमेस्सीची शेवटची परीक्षा आणि पहिली नोकरी यांच्यामधे एक अख्खा उन्हाळा मोकळा सापडला होता, आणि सोलापूरचा उन्हाळा घरात बसून काढण्यात काही पुरुषार्थ नाही. पारा चाळिशीच्या वर, पंखा गरम वारा फिरवतोय, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांतून एकदा. अशा गावातून उठून मी गेले ते थेट जिथं पाणी दर दहा सेकंदांनी तोंडावर येतं अशा गावाला.

गावाचं नाव मुल्की. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, मंगळूर आणि उडुपी यांच्या साधारण मधोमध. सोलापूरकराला तिथं जायचं तर आधी उलटं पनवेल गाठायचं आणि मत्स्यगंधा एक्सप्रेस धरायची. कोकण रेल्वेचे बोगदे मोजता मोजता झोप लागते, आणि जाग येते ती नारळ, भातखाचरं आणि खाड्यांच्या मुलखात. मुल्कीजवळ शांभवी नदी समुद्राला मिळते. नदी वाळू आणून टाकते, समुद्र ती हवी तशी पसरतो, आणि त्या वाळूच्या उंचवट्यावर अडखळून लाटा फुटतात. खाली खडक नाही, प्रवाळ नाही, नुसती वाळू. शिकाऊ माणसाच्या नाकाला एवढी एकच सवलत निसर्गानं दिलेली आहे.

आईला मी सांगताना जरा निवडूनच सांगितलं. या गावात सर्फिंग आणलं ते एका संन्याशानं, असं. ते खोटं नाही. जॅक हेब्नर नावाचे अमेरिकन गृहस्थ अध्यात्माच्या शोधात भारतात आले, स्वामी झाले, पण सर्वसंगपरित्यागातून फळी तेवढी वगळली. २००४ मध्ये मुल्कीत त्यांनी मंत्र सर्फ क्लब सुरू केला. ‘सर्फिंग स्वामी’ याच नावानं जग त्यांना ओळखतं. आश्रम, जप, शाकाहार, पहाटे उठणं हे शब्द ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. मी प्रत्यक्षात शिकले ती कोळ्यांच्या पोरांनी चालवलेली झावळ्यांच्या शेडमधली एक बारकी शाळा होती, आणि शाकाहाराचं म्हणाल तर पहिल्याच दुपारी बांगड्यानं तो निकालात काढला. पण आईनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

भाषेची मला काळजी नव्हती. सोलापुरात कानडी येणं हे शिक्षणात धरतच नाहीत. शेजारपाजारच्या भांडणांतून ते आपोआप येतं. अडचण एवढीच की माझं सगळं कानडी त्या भांडणांतलं. आणि मंगळुराकडचं कानडी म्हणजे छापील पुस्तकातलं. तिथं रिक्षावालासुद्धा पूर्ण वाक्यात, व्याकरण सांभाळून बोलतो. मी घरमालकिणीला माझ्या मते अतिशय लाघवीपणे विचारलं की बाई, खोलीत पंखा आहे का? ती एक पाऊल मागं सरली आणि आतून नवऱ्याला घेऊन आली. पुढं कळलं की घरात ते दोघं कोकणी बोलतात, कोळीवाड्यात तुळू चालतं, बाजारातले ब्यारी मुसलमान आपसांत ब्यारी बोलतात, आणि कानडी हे पाहुण्यांसाठी आणि तहसीलदारासाठी राखून ठेवलेलं असतं. शेवटी आम्ही हिंदीवर तडजोड केली. ती दोन्ही बाजूंना सारखीच येत नसल्यामुळं कुणाचाच अपमान झाला नाही.

माझे गुरू एकोणीस वर्षांचे होते. मोगवीर कोळ्यांच्या घरातला मुलगा. आजा किनाऱ्यावरून जाळं ओढायचा, बाप मलपे बंदरातल्या ट्रॉलरवर. मी पहिल्या दिवशी त्याला ‘सर’ म्हटलं तर तो इतका लाजला की शिकवणी दहा मिनिटं थांबली. मग मी ‘तम्मा’ वर, म्हणजे धाकट्या भावावर आले आणि तो ‘अक्का’ वर. शेडच्या भिंतीवर ड्यूक कहानामोकूचा जुना फोटो चिकटवलेला होता. हवाईचा हा पठ्ठ्या. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक त्यानं घेतलं आणि मग देशोदेशी जाऊन लोकांना लाटांवर स्वार होण्याचा नाद लावला. त्या फोटोत ड्यूक तर उभा होताच, पण शेजारी त्याची फळीसुद्धा उभी होती. पाण्यात जायच्या आधीच माझा उत्साह थोडा खचला.

पहिला धडा कोरड्या वाळूवर. बोटानं फळीचं चित्र काढायचं, त्यावर पालथं पडायचं, आणि तम्मा ‘उठिए, अक्का!’ ओरडला की तळहात छातीशी टेकून एका झटक्यात उभं राहायचं. पुढं कुठला पाय? हे ठरवायची जगन्मान्य रीत म्हणजे बेसावध माणसाला मागून ढकलायचं आणि कुठला पाय पुढं पडतो ते बघायचं. पण अक्काला ढकलायचं कसं, या विचारानं तो बराच वेळ घुटमळला. शेवटी म्हणाला, घरात शिरताना कुठला पाय आधी टाकता? मी अभिमानानं सांगितलं, उजवा. आमच्यात माप ओलांडताना, नव्या घरात जाताना, परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा उजवाच. तो म्हणाला, मग तुम्ही गूफी. डावा पाय पुढं ठेवणाऱ्याला रेग्युलर म्हणतात आणि उजवा ठेवणाऱ्याला गूफी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्कारांची अशी वासलात लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

वाळूवर मात्र मी अव्वल होते. आजही आहे. वाळूवरच्या सर्फिंगच्या स्पर्धा निघाल्या तर सोलापूर जिल्ह्याला पदक नक्की.

पाण्याची गोष्ट वेगळी. मला पोहता येतं. मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मामानं वरून टाकलं होतं, तेव्हापासून येतं. पण विहिरीचं पाणी सभ्य असतं. आपण त्याच्याकडं जातो, ते आपल्याकडं येत नाही. समुद्रात माझ्या घोट्याला एक दोरी बांधलेली, तिच्या दुसऱ्या टोकाला नऊ फुटांची फोमची फळी, आणि त्या फळीला माझ्यापेक्षा किनाऱ्याची ओढ जास्त. लाट आली की ती आधी निघायची, दोरी ताणली की मीही निघायचे. पालथी, उताणी, कुशीवर, जी अवस्था त्या क्षणी हाताशी असेल तिच्यात. तम्मा लांबून ओरडत असायचा, ‘उठिए! उठिए!’ आयुष्यभर आईनं रोज सकाळी हेच ओरडून सांगितलं, ते फुकट होतं म्हणून मी ऐकलं नाही. इथं मी त्याचे तासाला पैसे मोजत होते, आणि तरीही उठत नव्हते.

त्यात आईचा फोन सकाळी शिकवणी संपायच्या सुमारासच यायचा, आणि तिचा पहिला प्रश्न तोच: ‘उठलीस का?’

‘नाही ग. गुडघ्यापर्यंत आले आज.’

मग मला तिला सगळं सविस्तर सांगावं लागलं. आधी पालथं पडून मान वर धरायची, मग हातांवर छाती उचलायची, मग गुडघ्यावर यायचं, मग हळूच उभं राहायचं, मग बदकन बसायचं. आई शांतपणे ऐकून म्हणाली, ‘हे सगळं तू एकदा केलंयस की ग, वर्षाची व्हायच्या आत. काय पैसे पडले नव्हते तेव्हा.’

दुखण्याची जागा उठल्यावर कळते. सर्फिंगमध्ये पायांचा काही संबंध नाही हे मला खांद्यांनी सांगितलं. सतत पाणी ओढून ओढून संध्याकाळी वेणी घालायला हात वर जाईना. फळीवर घासून बरगड्यांची सालटं निघाली; पूर्ण बाह्यांचा चिकट सदरा, ज्याला तिथं रॅशगार्ड म्हणतात, तो नंतर घेतला. केसांचा कुंचा झाला, रंगाबद्दल तर व्हिडिओ कॉलवर घरात शोकसभाच भरली.

पण सगळ्यांत चमत्कारिक भाग नाकाचा. पडताना नाकातून आत गेलेलं पाणी कवटीच्या कुठल्या कोनाड्यात जाऊन बसतं ते बसतं. शिंकरून येत नाही, अंघोळीनं येत नाही, आणि आपण विसरून गेलो की काही तासांनी, खाली वाकलं की, आगाऊ सूचना न देता बदाबदा बाहेर पडतं. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. घरमालकिणीच्या सासूबाई बऱ्याच दिवसांनी लेकीकडून परत आल्या होत्या. नव्वदीच्या घरातल्या, काठापदराची साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी संस्कार दाखवायला पुढं झाले, पदर नव्हता म्हणून ओढणी सावरली आणि वाकून त्यांच्या दोन्ही पावलांना हात लावला. तेवढ्यात सकाळचा अरबी समुद्र सुटला. दोन्ही पावलांवर. बराच वेळ.

म्हातारीनं खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि कोकणीत सुनेला काहीतरी म्हणाली. सून हसू दाबत आत पळाली. भाषांतर मला कुणी दिलं नाही, मीही मागितलं नाही. पण त्या दिवसापासून म्हातारी माझ्यावर फार माया करू लागली. आजकालच्या मुलींच्या डोळ्यांत पाणी येतं कुठं, असं काहीसं तिला वाटलं असावं. दृष्टी अधू होती बिचारीची.

त्या घरानं मला फार खायला घातलं. मी शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, सोलापूरकर चंद्रावर गेला तरी नेईल. त्यांनी समोर कोरी रोट्टी ठेवली. तांदळाची पापडासारखी कडक पत्रं आणि कोंबडीचा रस्सा. पत्रं मोडायची, रश्श्यात भिजवायची. मी अवाक्‌ झाले. आमच्याकडं ज्वारीच्या कडक भाकरीचा आमटीत हाच काला होतो. मालकिणीनं माझी भाकरी मोडून त्यांच्या रश्श्यात घातली, मी त्यांची रोट्टी शेंगाचटणीशी लावली, आणि भाषेचा उरलासुरला प्रश्न तिथं मिटला. नीर डोसा, केळं घातलेले मंगळुरी बन्स, पुनर्पुळीचं म्हणजे आपल्या आमसुलाचं सरबत, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर गरम गोळीबजे. वजन वाढल्यामुळं मी फळीवर अधिक स्थिर झाले, असं माझं शास्त्रीय मत आहे.

शास्त्रावरून आठवलं. लाट म्हणजे पाणी पुढं येतं हा समज चुकीचा. पाणी जागच्या जागी गोल फिरून परत येतं. पुढं सरकते ती ऊर्जा. खोली कमी होत गेली की लाट वर चढते, आणि खोली तिच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की ती कोसळते. म्हणजे कमरेएवढी लाट कोसळते तिथं पाणी फार तर छातीपर्यंत असतं, आणि त्यातही माणूस बुडण्याचा पूर्ण अनुभव घेऊ शकतो. उन्हाळ्यात मुल्कीला येणाऱ्या लांब, संथ लाटा दक्षिण गोलार्धातल्या वादळांतून निघतात, हजारो किलोमीटर प्रवास करतात, आणि इथं येऊन माझ्या नाकात शिरतात. त्यांचा अंदाज वर्तवणारी सरकारी संस्था, ‘इन्कॉइस’, ही हैदराबादेत आहे. मुंबईत नाही, कोचीत नाही, हैदराबादेत. आमच्यापासून तीनशे किलोमीटरवर. दख्खनच्या पठारावर समुद्र नाही म्हणून काय झालं, त्याच्या सगळ्या खबरा आमच्याच बाजूला असतात. तम्माला मी हे ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, ‘मग अक्का, ही येतेय ती लाट बघा.’ मी मागं बघेपर्यंत ती येऊन गेली होती.

आमच्या वर्गात बंगळूरचं एक आयटीतलं जोडपं होतं, ते तीन दिवसांत उभं राहून, फोटो काढून परत गेलं. त्यांच्याबद्दल अधिक लिहावंसं वाटत नाही. लिहायचं ते बँककाकांबद्दल. या जिल्ह्यांनी देशाला बँका दिल्या. कॅनरा, कॉर्पोरेशन, सिंडिकेट, विजया, सगळ्यांची मुळं मंगळूर-उडुपीची. काका त्यातल्याच एकीच्या कर्जविभागातून निवृत्त झालेले. साठी उलटलेली, पोट सुटलेलं, डोक्यावर हनुवटीशी बांधलेली टोपी. ते लाटांच्या पलीकडं फळीवर मांडी घालून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक लाटेची छाननी करायचे.

‘ही नको. दिसायला मोठी, आत भांडवल नाही.’

‘आणि ही?’

‘घाईत आहे. घाईत असलेल्याला कर्ज देऊ नये.’

दहा-बारा लाटा अशा नामंजूर झाल्यावर एखादी साधी, बुटकी लाट यायची. काका फळी वळवायचे, चार-पाच हात मारायचे आणि उठायचे. उठून काही करायचे नाहीत. हात न पसरता, बस थांब्यावर उभे असल्यागत, सरळ किनाऱ्यापर्यंत जायचे, उतरायचे, टोपी नीट करायचे. मी मात्र येईल त्या लाटेवर उडी घ्यायचे आणि प्रत्येक लाट मला बुडीत खात्यात टाकायची.

मला धीर देण्यासाठी काकांनी मार्क ट्वेनची गोष्ट सांगितली. १८६६ मध्ये तो हवाईला गेला, लोक लाटांवरून येताना पाहून त्यानंही फळी घेतली, लाट साधली. फळी किनाऱ्याला पोचली, स्वारी तळाला. त्याचं वर्णन त्यानं लिहून ठेवलंय. उलट अगाथा ख्रिस्ती १९२२ मध्ये नवऱ्याबरोबर जगप्रवासाला निघाली, दक्षिण आफ्रिकेत पोटावर झोपून लाटा घेतल्या आणि होनोलुलूत चक्क उभी राहायला शिकली. काकांचं म्हणणं, विनोदी लेखक घाईनं जातो, रहस्यकथावाली थांबते, बघते, मग हालचाल करते. मी त्यानंतर लाटांकडं संशयित म्हणून पाहायला लागले आणि आश्चर्य म्हणजे फरक पडला.

थांबायला जमायला लागलं तशी मला पलीकडची ती जागा आवडायला लागली. तिथं पाणी वरखाली होतं, पण फुटत नाही. समोर नारळांची रांग, एका बाजूला नदीचं मुख. पलीकडच्या ससिहित्लूच्या किनाऱ्यावर २०१६ मध्ये देशपातळीवरची ‘इंडियन ओपन’ सर्फिंग स्पर्धा पहिल्यांदा भरली, तेव्हा तम्मा शाळकरी होता आणि शाळा बुडवून बघायला गेला होता. तमिळनाडूच्या कोळीवाड्यांतून आलेली पोरं लाट कापताना बघून त्यानं वह्या-पुस्तकांचा विचार सोडला. नदीच्या मुखाकडं मात्र तो आम्हाला फिरकू द्यायचा नाही. तिथं ओढ असते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं निघायचं, ओढ सुटली की मग आत वळायचं. हे तो रोज म्हणायचा, आणि त्या वेळी त्याच्या तोंडावर हसू नसायचं. त्याच्या घरातल्या लोकांनी समुद्र पोटासाठी पाहिलेला होता.

किनाऱ्यावर मासळी सुकवत बसणारी एक म्हातारी कोळीण मला रोज फळी घेऊन येताना बघायची आणि विचारायची, ‘मीन उंडा?’ म्हणजे, मासे आहेत का? एवढा वेळ समुद्रात काढून बाई रिकाम्या हातानं कशी येते, हा तिचा प्रश्न मला फार रास्त वाटायचा. मी मान हलवायचे. तीही मान हलवायची, खेदानं.

मी उभी राहिले तेव्हा लाट गुडघ्याएवढी होती. काकांच्या निकषांत बसणारी, निरुपद्रवी. उजवा पाय पुढं, संस्कारांप्रमाणं. तम्मा ओरडला नाही, कारण तो किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाची दोरी सोडवत होता. काकांनी फोटो काढला, पण त्यांनी फोन उलटा धरला होता. त्या फोटोत त्यांचाच अंगठा आहे आणि एक कान. त्यामुळं या खेळातलं माझं उभं राहणं जगासाठी झालेलंच नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. पुढच्याच लाटेला मी परत पालथी होते.

मे संपत आला तसं पाणी मातट व्हायला लागलं, लाटांचा नेम बिघडला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढल्या जातात, जाळी विणायला काढतात, आणि नवशिक्यांच्या फळ्याही शेडमध्ये एकावर एक रचून ठेवतात. तम्मा म्हणाला, आता पावसाळ्यात आम्ही थोडे जण जातो, तुम्ही नाही. मी वाद घातला नाही.

तुम्हाला जायचं असेल तर ऑक्टोबर ते मे या काळात जा. पोहता येत नसेल तर आधी ते शिका, विहीर पुरेल. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड पहिल्याच दिवशी घ्या, तिसऱ्या नव्हे. शिकवणाऱ्याला ‘सर’ म्हणू नका. आणि समुद्रातून आल्यावर निदान त्या दिवशी तरी कुणाच्या पाया पडू नका.